देह आणि शरीर

वाचकहो, सरकारी कार्यालयात अनुवादकाचे काम करणाऱ्या माणसाला वर्षाकाठी जो मजकूर हातावेगळा करावा लागतो, त्यात आरोग्यविषयक पत्रके पुष्कळ असतात. मीठ दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी खावे, प्रौढ माणसाने आठवड्यातून निदान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, रक्तदाबाची गोळी आपल्या मनाने बंद करू नये, ही वाक्ये मी इतक्या वेळा मराठीत उतरवली आहेत की आता मूळ मजकूर समोर नसला तरी चालेल. आचरणात मात्र त्यांतील एकही वाक्य नव्हते. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी कार्यालयातच भरलेल्या एका तपासणी शिबिरात परिचारिकेने माझ्या दंडाला पट्टा बांधला, आकडा पाहिला, पाच मिनिटे स्वस्थ बसावयास सांगितले आणि पुन्हा पट्टा बांधला. आकडा होता १६४ आणि १०२. "घरात कुणाला होता का?" तिने विचारले. "वडिलांना," मी म्हणालो. त्यापुढे मला बोलता येईना.

जे त्या वेळी बोलता आले नाही, ते आज आपणांस सांगावे असे वाटते. ही हकीकत एका ख्रिस्ती घरातील आहे. परंतु असे घर कोणत्याही धर्माचे असू शकेल.

माझे बालपण अहिल्यानगर जिल्ह्यातील एका खेड्यात गेले. तेव्हा जिल्ह्याचे नाव अहमदनगर होते. वडील प्राथमिक शिक्षक आणि आमच्या मंडळीचे पंच. पहाटे पाच वाजता घरात प्रार्थना होई आणि तिला कधी खंड पडला नाही. गावात मारुतीच्या देवळाला लागून तालीम होती. माझे सोबती तेथे जात. एके दिवशी मीही गेलो आणि अंगाला लाल माती लावून घरी आलो. वडिलांनी मला मारले नाही. हातपाय धुवायला लावून ते इतकेच म्हणाले, "बाळ, देह मातीचा आहे, मातीत जायचा आहे. त्याचे लाड करू नयेत." मी पुन्हा तालमीत गेलो नाही. मात्र त्या दिवसापासून माझ्या मनाने एक वाटणी करून टाकली. दंड-बैठका ही शेजाऱ्यांची गोष्ट, प्रार्थना ही आपली. शरीराची निगा राखणे म्हणजे विश्वासात काही तरी उणे असणे.

पन्नाशीच्या सुमारास वडिलांचा रक्तदाब वाढल्याचे कळले. तालुक्याच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. काही महिने त्यांनी त्या घेतल्या. बरे वाटू लागताच बंद केल्या. आई रागावली, तेव्हा ते म्हणाले, "प्रभूवर भरवसा ठेवायचा की गोळीवर?" ते हट्टी किंवा अडाणी नव्हते. शेकडो मुलांना त्यांनी लिहावाचायला शिकवले होते. एका रविवारी उपासनेत ते पाठ वाचण्यासाठी उभे राहिले आणि त्यांच्या उजव्या हातातून पवित्र शास्त्र खाली पडले. पक्षाघाताचा तो झटका होता. पुढे चार वर्षे ते अंथरुणावर होते. ज्या वाणीने ते प्रार्थना करीत, ती गेली. आम्ही त्यांच्या उशाशी प्रार्थना करीत असू आणि ते डोळे मिटून ऐकत.

इतके पाहूनही, वाचकहो, शिबिरातील डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्यांचे पाकीट अकरा दिवस माझ्या टेबलाच्या खणात पडून होते. घेतली नाहीत कशासाठी, असे कोणी विचारले असते तर मला उत्तर देता आले नसते. वडिलांचे ते वाक्य माझ्या मनात किती खोल रुजले होते, हे मला तेव्हा उमगले.

सुटका झाली ती माझ्या धंद्यामुळे. त्या आठवड्यात पौलाचे करिंथकरांस पहिले पत्र वाचीत असता अनुवादकाच्या सवयीने मी शब्दांकडे पाहू लागलो. पौलाच्या ग्रीक भाषेत दोन वेगळे शब्द आहेत, 'सार्क्स' आणि 'सोमा'. पहिल्याचा मूळ अर्थ मांस. परंतु पौल पुष्कळदा तो शब्द देवाकडे पाठ फिरवलेल्या, स्वतःपुरते पाहणाऱ्या मानवी स्वभावासाठी वापरतो. दुसऱ्याचा अर्थ सरळ शरीर. आपल्या मराठी शास्त्रात पहिल्यासाठी अनेक ठिकाणी 'देह' किंवा 'देहस्वभाव' आणि दुसऱ्यासाठी 'शरीर' असे शब्द योजले आहेत. भाषांतरकारांनी भेद राखला होता. बोलीत देह आणि शरीर एकच असल्यामुळे वाचणाऱ्याच्या मनात तो पुसला जातो. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौल देहाच्या कर्मांची यादी देतो. तीत वैर, कलह, मत्सर, राग, तट पाडणे हे दोष आहेत. यादीतील निम्म्याहून अधिक दोषांसाठी शरीराची गरजच नाही. अंथरुणाला खिळलेला मनुष्यही ते करू शकतो. आणि शरीराविषयी मात्र तोच पौल सांगतो की ते पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, ते आपल्या मालकीचे नाही.

ज्याचे लाड करू नयेत ते एक आणि ज्याची निगा राखावी ते दुसरे. माझ्या वडिलांनी या दोहोंना एक मानले, आणि मीही. शरीर ही आपल्याकडे दिलेली ठेव आहे. ठेवीची पूजा करावयाची नसते, तशी ती वाऱ्यावरही सोडावयाची नसते. त्या रात्री मी पहिली गोळी घेतली.

यानंतर ज्या गोष्टी रोज डोळ्यांसमोर असूनही दिसल्या नव्हत्या, त्या दिसू लागल्या. रविवारी उपासनेनंतर मी कधीकधी जंतरमंतराजवळच्या जयसिंह मार्गाने चालत जातो. तेथे वाय.एम.सी.ए.ची इमारत आहे. १८४४ साली लंडनमध्ये कापडाच्या दुकानात नोकरी करणाऱ्या जॉर्ज विल्यम्स या तरुणाने मित्रांसह ही संस्था काढली, ती प्रार्थना आणि शास्त्राभ्यास यांसाठी. पुढे तिच्यात व्यायामशाळा आल्या आणि आत्मा, मन व शरीर या तीन बाजूंचा त्रिकोण तिचे चिन्ह झाला. धर्मशास्त्राची पदवी घेतलेल्या जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ च्या हिवाळ्यात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे, याच संस्थेच्या प्रशिक्षणशाळेत, फळांच्या टोपल्या सज्जाच्या कठड्याला लावून बास्केटबॉलचा खेळ बसवला. चार वर्षांनी होलिओक येथील तिच्याच शाखेत विल्यम मॉर्गन यांनी व्हॉलीबॉल काढला, तोही बास्केटबॉलची दगदग न सोसणाऱ्या प्रौढ मंडळींसाठी. भारतात हॅरी बक यांनी १९२० साली मद्रासला याच संस्थेचे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय सुरू केले. आमच्या मिशन कंपाउंडमध्ये दोन बांबूंना जाळी बांधून आम्ही व्हॉलीबॉल खेळत असू. तालीम परक्यांची म्हणून सोडलेल्या मला हा खेळ प्रार्थनेच्या घरातून आला आहे, हे कोणी सांगितले नव्हते. अर्थात तालमीतल्या लाल मातीनेही माझा विश्वास बुडाला नसता, असे आता वाटते.

घरून कार्यालयात येताना माझी बस अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवरून जाते. देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले रुग्ण आणि त्यांचे नातलग तेथे पदपथावर चटया टाकून बसलेले दिसतात. ही संस्था १९५६ च्या कायद्याने उभी राहिली, ती प्रामुख्याने राजकुमारी अमृत कौर यांच्या आग्रहामुळे. कपूरथळ्याच्या राजघराण्यातील त्यांच्या वडिलांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. तरुणपणी त्या टेनिस उत्तम खेळत. पुढे त्या गांधीजींच्या सचिव झाल्या, तुरुंगात गेल्या आणि १९४७ ते १९५७ या काळात देशाच्या पहिल्या आरोग्यमंत्री होत्या. १९५३ साली खेळाडूंना प्रशिक्षण देण्याची जी योजना निघाली, तिला त्यांचेच नाव होते. सिमल्याचे आपले घर त्यांनी या संस्थेच्या कर्मचाऱ्यांच्या विश्रांतीसाठी देऊन टाकले. टेनिसचे मैदान, प्रार्थना आणि रुग्णालय यांची त्यांच्या आयुष्यात वाटणी झालेली नव्हती. स्वतःच्या शरीराची निगा शेजाऱ्याच्या शरीरापर्यंत पोचली पाहिजे, हे मी त्यांच्याकडे पाहून शिकलो.

आणखी एक गोष्ट मला माझ्या ताईने शिकवली. लहानपणी पोलिओ होऊन तिचा एक पाय अधू झाला. नव्या उत्साहाच्या भरात मी तिला दूरध्वनीवरून सांगू लागलो की शरीर मंदिर आहे, म्हणून ते सुदृढच हवे. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "अरे, मग माझ्या मंदिरात तो राहत नाही का?" मी खजील झालो. सुदृढपणा ही विश्वासाची परीक्षा ठरवली की आजारी आणि अपंग माणसांवर आपण नकळत दोष ठेवतो. ताई रोज अर्धा तास हातांचे आणि पाठीचे व्यायाम करते, कुबडीने चर्चला जाते आणि गायनमंडळात पहिल्या रांगेत बसते. तिच्या वाट्याला आलेली ठेव तिने माझ्यापेक्षा कितीतरी बरी सांभाळली आहे.

माझा नेम साधा आहे. सकाळी प्रार्थना झाली की चाळीस मिनिटे चालतो. दिल्लीत नोव्हेंबर आला आणि हवा धुराने जड झाली की चालणे घरातच, खोलीतून खोलीत. अशा दिवसांत एकट्याने निरोगी राहण्याला मर्यादा आहे हे ध्यानात येते. हवा सर्वांची असते. म्हणून शेजाऱ्यांच्या मोटारीत बसून जाण्यापेक्षा मी बस किंवा मेट्रो धरतो. ताटातले लोणचे आणि पापड सणावारी ठेवले आहेत. वरून मीठ घेत नाही. उपासनेनंतर चहाबरोबर समोसे येतात, त्यांतला एक मात्र अजून सुटलेला नाही. गेल्या महिन्यात आकडा १३२ आणि ८४ होता.

आई रोज रात्री गावाहून विचारते, "प्रार्थना केलीस का?" आणि लागलीच, "गोळी घेतलीस का?" वडिलांच्या वेळी हा दुसरा प्रश्न तिला विचारू दिला गेला नव्हता. वाचकहो, आपल्याही घरी एखादे वडीलधारे माणूस श्रद्धेपोटी औषध बाजूला सारीत असेल. त्याच्याशी वाद घालू नका. त्याच्या शेजारी बसा, त्याच्याबरोबर त्याची प्रार्थना म्हणा आणि मग पाण्याचा पेला व गोळी त्याच्या हाती द्या.