चिगोंग : साधना जुनी, नाव नवे

'चिगोंग' प्राचीन मानले जाते. श्वास आणि संथ हालचालींची ती साधना खरोखरच जुनी आहे. त्या नावाचे मात्र तसे नाही.

1947 साली लिऊ ग्वेझेन हा कम्युनिस्ट पक्षाचा कार्यकर्ता पोटातील व्रणाने खंगून गावी परतला. तेथे एका जाणकाराकडून तो श्वसनसाधना शिकला आणि बरा झाला. पक्षाला त्यात स्वस्त उपचार दिसला. धार्मिक मंत्र वगळून त्यांच्या जागी आरोग्याविषयीची साधी वाक्ये आली, आणि या संस्कारित साधनेला 1949 च्या सुमारास 'चिगोंग' हे नाव मिळाले. पुढे बेइदाइहे या समुद्रकाठच्या गावी, जेथे पक्षाचे नेते उन्हाळा घालवत, चिगोंगचे आरोग्यधाम उभे राहिले.

1966 मध्ये सांस्कृतिक क्रांती सुरू झाली. धर्माचा अंश काढून टाकलेली हीच साधना आता सरंजामी अंधश्रद्धा ठरली. आरोग्यधाम बंद पडले. लिऊ शेतावर सक्तमजुरीला गेला.

विलक्षण योगायोग असा की, त्याच दशकात, 1973 साली, छांगशाजवळच्या मावांगद्वी येथे इ.स.पू. 168 मधील थडगे उघडले गेले. त्यातील रेशमी पटावर व्यायाम करणाऱ्या 44 आकृत्या होत्या : स्त्रिया, पुरुष, तरुण, वृद्ध, कुणी अस्वलाच्या ढंगात, कुणी माकडाच्या.