आजच्या पायाचा बूट

आमच्या लहानपणी बूट नेहमी एक नंबर मोठाच घेतला जायचा. ईदच्या आधी अब्बा आम्हा चौघा भावंडांना बाजारात न्यायचे. अंगठ्याने बुटाचं टोक दाबून बघायचे आणि पुढे बोटभर जागा उरली की दुकानदाराला म्हणायचे, "हाच द्या, पुढच्या ईदलाही चालेल." त्यात कंजूषी नव्हती. पगार एक होता आणि वाढणारे पाय आठ.

गेल्या वर्षी माझ्या तेरा वर्षांच्या मुलीसाठी क्लाइंबिंगचे बूट घ्यायचे ठरले, तेव्हा हा हिशेब कामाला येईना. हा खेळ ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आला तो टोकियोत, २०२१ साली. तो मोबाईलवर बघून तिला या खेळाचं वेड लागलं. वर्षभर ती कृत्रिम भिंतीवर दुसऱ्यांचे बूट घालून चढत होती. आता स्वतःचे हवे होते आणि त्यांची किंमत आमच्या महिन्याच्या किराण्याएवढी होती.

माझी बहीण म्हणाली, "एवढे पैसे घालतेस तर मोठा नंबर घे, दोन वर्षं निघतील." ट्रेकिंगच्या बुटाला हे थोडंफार लागू पडतं. गड उतरताना बोटं पुढे आपटू नयेत म्हणून त्यात जागा ठेवतातच. चढाईचं गणित उलटं आहे. तिथे सगळं वजन अंगठ्याच्या टोकावर, दगडाच्या बारीक कडेवर पेलायचं असतं. बूट सैल असेल तर पाय आत सरकतो आणि पकड सुटते.

मुलीचा हट्ट दुसऱ्या टोकाचा होता. तिला हवा होता खाली वाकलेला, टोक आत वळलेला बूट, स्पर्धेत खेळणाऱ्या मोठ्या मुली घालतात तसा. "अम्मी, जेवढा टाइट तेवढा चांगला!" पण तो आकार असतो डोक्यावर झुकलेल्या भिंतींसाठी. तिथे पायाच्या बोटांनी खाच ओढून धरावी लागते. ती अजून सरळ भिंतीवर पाय नीट ठेवायला शिकत होती. शिवाय नागफणी किंवा तैलबैलसारख्या कड्यांवर बूट बराच वेळ पायात राहतो. तिथेही बोटं सरळ ठेवणारा सपाट बूटच बरा पडतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिच्या वयात हाडांची टोकं अजून कूर्चेची, वाढती असतात. त्यांच्यावर रोजचा दाब पडला तर बोटांना कायमची इजा होऊ शकते. पैसे गेले तर पुन्हा मिळवता येतात, बोटांचं तसं नाही.

दुकानात आम्ही मुद्दाम संध्याकाळी गेलो, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. मोजे न घालता बूट घालून बघितले. तिचा नेहमीचा नंबर बाजूला ठेवला, कारण प्रत्येक कंपनीचं माप वेगळं असतं. टाचेत पोकळी नको, बोटं पुढे टेकलेली हवीत, पण दुमडलेली नकोत. "दुखतंय का?" मी विचारलं. "नाही," ती लगेच म्हणाली. 'समजलं का?' असं विचारल्यावर वर्ग याच घाईने 'हो' म्हणतो, हे मला वीस वर्षांच्या नोकरीने शिकवलंय. दहा मिनिटं तिला ते बूट पायात ठेवायला लावले, मग काढून बोटं पाहिली. सांध्यांवर लालभडक वळ होते. ती जोडी परत गेली.

शेवटी घेतला तो सपाट, वेल्क्रोचा, जाड रबराचा. नवशिक्याचा पाय भिंतीवर घासत जातो, त्यामुळे पातळ रबर लवकर झिजतं. अस्तर नसलेलं चामडं वापरून बरंच सैल होतं, कृत्रिम कापड फारसं होत नाही. म्हणून आम्ही कापडाचा निवडला. दुकानात बसला तसाच तो पुढेही राहणार होता. ती दोन दिवस रुसली.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. आठवीतल्या एखाद्या मुलाला जोडाक्षरं अडत असतात आणि पालक म्हणतात, "मॅडम, याला दहावीचंच पुस्तक द्या, पुढे उपयोग होईल." त्यांची तळमळ खरी असते, पण मूल त्या पुस्तकात माझ्या बहिणीने सुचवलेल्या बुटातल्या पायासारखं सरकत राहतं. दुसरे काही पालक शेजारच्या मुलाच्या मापाने आपल्या मुलाला आवळतात. आज त्याला काय वाचता येतं, हे दोघांच्याही नजरेतून सुटतं.

आता आठ महिने झालेत. चढून झालं की ती लगेच बूट काढते, ते घालून जमिनीवर चालत नाही आणि उन्हात ठेवत नाही. रबर अजून शाबूत आहे, पण पाय वाढलाय. ही जोडी तिच्या ग्रुपमधल्या धाकट्या मुलीकडे जाईल, अर्थात तिच्या पायाला नीट बसली तरच. आम्हाला पुन्हा दुकान गाठायचंय. त्यासाठी दर महिन्याला थोडे पैसे बाजूला टाकायला मी सुरुवात केली आहे.