मावळतीची दहा मिनिटं



2019 च्या मे महिन्यातली गोष्ट. ह्यांची बायपास झाली होती. मी सांगलीच्या एका दवाखान्यात आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून होते. शेजारी एक मुस्लिम बाई होती, तिचा मुलगा आत होता. रमजान चालू होता. एवढ्या उन्हाळ्यात तिनं पहाटेपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता.

पावणेसातच्या सुमारास ती म्हणाली, "ताई, तुमच्यात दिवस मावळल्यावर खात नाहीत ना? सकाळपासून तुम्ही तशाच बसलाय." मला भानच नव्हतं. मी काही बोलायच्या आत ती जिना उतरून खाली गेली आणि केळी घेऊन आली. स्वतः उपाशी असताना.

आता खरं सांगते. केळं घेताना मनात पहिला विचार आला तो तिच्या घरच्या स्वयंपाकाचा. हात आखडला. तिला ते दिसलं असावं. हळूच म्हणाली, "सालीतलं आहे, ताई."

मी मान खाली घालून खाल्लं, फिरकीच्या तांब्यातलं घरचं गाळलेलं पाणी प्यायले. थोड्या वेळानं अजान झाली. तिनं खजूर तोंडात घातला. सूर्य मावळला म्हणून मी थांबले आणि तो मावळला म्हणूनच तिनं रोजा सोडला.

स्वाध्यायात हे सांगितलं, तेव्हा एक मैत्रीण म्हणाली, "अन्यदृष्टिप्रशंसा हा तर सम्यक्त्वाचा अतिचार." बरोबर आहे तिचं. दशलक्षणात आपण तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय वाचतो, त्यातल्या सातव्या अध्यायात तो आहे. पण त्याच यादीत विचिकित्सा, म्हणजे किळस, हाही अतिचार आहे. तो त्या बाकावर माझ्याकडून घडला. आणि त्याच अध्यायात प्रमोद भावनाही आहे : गुणवंत दिसला की आनंद व्हावा. मी तिच्या मताची नाही, तिच्या संयमाची आणि करुणेची स्तुती करते.

जग चालवणारा ईश्वर आपण मानत नाही. ती मानते. मांसाहाराला मी आजही हिंसाच म्हणते. पण णमोकार मंत्रात एकाही तीर्थंकराचं नाव नाही, तिथं नमस्कार आहे तो गुणांना. मग तोच गुण शेजारच्या बाकावर दिसला, तर मी नजर का वळवावी?

मी बी.कॉम. झालेली बाई. जमेची रक्कम नावे टाकली, तर हिशोब जुळत नाही, एवढं मला कळतं. माझ्या वहीत कितीतरी माणसं अशी चुकीच्या बाजूला लिहिलेली होती.

तिचा मुलगा दुसऱ्या दिवशी वॉर्डात हलवला. गडबडीत मी तिचा नंबर घेतला नाही, माफीही मागितली नाही. दरवर्षी क्षमावाणीला सगळ्यांना फोन करण्याआधी मी दोन मिनिटं डोळे मिटून बसते. पहिली क्षमा तिची मागते.