कात्री न लावतां

मला एक खोड आहे, आणि ती चांगली नाहीं हें मला पक्कें ठाऊक आहे. कादंबरींत सूर्यास्ताचें वर्णन सुरू झालें कीं माझा अंगठा आपोआप पुढचें पान उलटतो. सभेंत अध्यक्षांच्या प्रास्ताविकाला आरंभ झाला कीं मी मनानें घरीं पोंचतों. आगगाडी दोन स्थानकांच्या मध्यें उगाच थांबली तर दाराशीं जाऊन पहिल्यानें बाहेर डोकावणारा प्रवासी मीच असतों. अशा माणसाला चित्रपट आवडावेत यांत नवल तें कोणतें? चित्रपटाची कात्री ही अधीर माणसाची जिवलग मैत्रीण आहे. नायक पुण्याला दार लोटून घेतो आणि मुंबईला दार उघडतो. मधला घाट, मधली गर्दी, मधला चहा, सारें तिनें आपल्यासाठीं कापून टाकलेलें असतें. आयुष्यालाही अशी एक कात्री असती तर किती बरें झालें असतें, असें माझ्याप्रमाणें तुम्हांलाही केव्हां तरी वाटलें असेलच.

ह्या कात्रीवर माझी इतकी श्रद्धा होती म्हणूनच त्या दिवशीं मला राग आला. एका मित्राच्या आग्रहावरून मी तारकोव्हस्की ह्या रशियन दिग्दर्शकाचा ‘नॉस्टॅल्जिया’ (१९८३) हा चित्रपट पाहावयास गेलों होतों. इटलींत आलेला एक रशियन लेखक हा त्याचा नायक. एका विक्षिप्त मनुष्याला त्यानें शब्द दिलेला आहे. गरम पाण्याच्या एका जुन्या कुंडांतून पेटती मेणबत्ती, विझूं न देतां, ह्या कांठापासून त्या कांठापर्यंत न्यावयाची. तेवढें झालें तर जग वांचेल, अशी त्या मनुष्याची समजूत. अखेरीस लेखक त्या कुंडापाशीं येतो. पाणी उपसलेलें आहे. तळाशीं चिखल, डबकीं आणि वाफ. तो मेणबत्ती पेटवतो, हाताचा आणि कोटाचा आडोसा करतो, आणि चालूं लागतो. कॅमेरा त्याच्या बाजूनें, त्याच्याच चालीनें सरकतो. ज्योत विझते. तो मागें फिरतो, पहिल्या भिंतीपाशीं जातो, पुन्हां पेटवतो, पुन्हां निघतो. पुन्हां विझते. हा सारा प्रकार सुमारें नऊ मिनिटें चालतो, आणि तेवढ्या वेळांत चित्र एकदांही तुटत नाहीं. ज्योत दुसऱ्यांदा विझली तेव्हां मी उठलों आणि बाहेर जाऊन चहा प्यालों.

चित्रपट संपल्यावर मीं मित्राला विचारलें, “पोंचला का रे तो?”

तो म्हणाला, “तूं नव्हतास ना? मग नुसतें सांगून तुला काय कळणार!”

हें उत्तर मला त्या वेळीं शिष्टपणाचें वाटलें. मात्र जिज्ञासा म्हणून अशा अखंड दृश्यांविषयीं मी वाचूं लागलों. आरंभीं चित्रपट हा अखंडच होता. २८ डिसेंबर १८९५ रोजीं पॅरिसमध्यें आणि ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्यूमिएर बंधूंचीं जीं चित्रें दाखवलीं गेलीं, त्यांतलें प्रत्येक जवळजवळ पन्नास सेकंदांचें आणि एकसंध होतें. त्यांत कला नव्हती, नाइलाज होता; फीतच तेवढी होती. पुढें कात्री आली. तिच्या राज्यांत अखंड दृश्य घेणें हें धाडस ठरूं लागलें. हजार फुटांची फीत सुमारें अकरा मिनिटांत संपते. म्हणून हिचकॉकनें ‘रोप’मध्यें (१९४८) कांहीं जोड माणसाच्या पाठीच्या काळोखांत लपवले, आणि कॅमेऱ्याला वाट मिळावी म्हणून भिंती सरकत्या केल्या. तारकोव्हस्कीच्याच ‘सॅक्रिफाइस’मध्यें (१९८६) एक घर जळतें. पहिल्या खेपेस घर पेटलें असतांना कॅमेरा अडकला. घर गेलें आणि दृश्यही गेलें. मग घर पुन्हां बांधून पुन्हां जाळावें लागलें! फितीचें बंधन सुटल्यावर सोकुरोवनें २३ डिसेंबर २००१ रोजीं सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयांत ‘रशियन आर्क’ हा शहाण्णव मिनिटांचा अख्खा चित्रपट एका दमांत टिपला. पहिले तीन प्रयत्न मोडले. चौथा तडीस गेला.

हें वाचून मला कौतुक वाटलें. पण तें डोंबाऱ्याच्या दोरीवरील खेळाचें वाटावें तसें. दोरीवरून माणूस पलीकडे गेला, टाळ्या झाल्या, पुढें काय? ह्या प्रश्नाचें थोडें उत्तर मला मिझोगुचीच्या ‘उगेत्सु’नें (१९५३) दिलें. लढाईच्या धामधुमींत बायकोला सोडून गेलेला कुंभार पुष्कळ दिवसांनीं घरीं परततो. झोंपडी रिकामी, चूल थंड. तिला हांका मारीत तो मागच्या बाजूनें वळसा घालतो. कॅमेरा आंतूनच त्याच्यामागें वळतो. तो पुढच्या दारापाशीं येतो, तों चुलींत विस्तव आहे आणि बायको शेजारीं बसलेली आहे. ती जिवंत नाहीं हें मागाहून कळतें. येथें मध्यें कात्री लागली असती तर आपण म्हणालों असतों, ही संकलकाची किमया. परंतु आपण डोळा हलवलेला नाहीं. रिकामें घर आपणच पाहिलें आणि भरलेलेंही आपणच पाहिलें. कुंभार फसतो तसेच आपणही फसतों, आणि म्हणून त्याचें दुःख आपल्याला परकें राहत नाहीं.

तरीही त्या मेणबत्तीशीं माझा समेट झाला नव्हता. तो झाला तो पडद्यासमोर नव्हे, आमच्या माजघरांत.

आईला अर्धांगवायूचा झटका आला आणि तिची उजवी बाजू गेली. तीन महिने ती खाटेवर होती. एके दिवशीं तिन्हीसांजेला ती म्हणाली, “आज दिवा मी लावणार.” खाटेपासून देवघर बारा पावलांवर. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनीं आम्हांला बजावलें होतें कीं, त्यांना धरूं नका, अगदीं पडायला लागल्या तरच पुढें व्हा. मी दाराशीं उभा राहिलों. शेजारच्या घरांत सातच्या बातम्या नुकत्याच सुरू झाल्या होत्या. आईनें डाव्या हातांत काठी घेतली. काठी पुढें, डावें पाऊल पुढें, मग उजवा पाय फरशीवरून ओढत आणलेला. मध्यें खांब होता. त्याला टेकून ती थांबली, आणि इतका वेळ थांबली कीं मी नकळत एक पाऊल पुढें टाकलें. माझ्याकडे न पाहतां ती म्हणाली, “तिथेंच थांब.” मी थांबलों. देवघरांत बसल्यावर तिनें निर्जीव उजव्या हाताखालीं काड्यांची पेटी दाबून धरली आणि डाव्या हातानें काडी ओढूं लागली. किती काड्या मोडल्या तें मीं मोजलें नाहीं. निरांजन लागलें तेव्हां शेजारच्या बातम्या संपल्या होत्या.

त्या रात्रीं मला मित्राचें उत्तर आठवलें. पुढें कांहीं दिवसांनीं मीं तो चित्रपट पुन्हां मिळवून एकट्यानें पाहिला. ह्या खेपेस ज्योत विझली तेव्हां उठावेंसें वाटलें नाहीं. पोटांत गोळा आला. तिसऱ्या खेपेस तो लेखक पलीकडच्या कांठाला पोंचतो, मेणबत्ती तेथें ठेवतो, आणि कोसळतो. कात्रीनें हें दोन क्षणांत सांगितलें असतें. तिनें आपल्याला सांगितलें असतें कीं तो पोंचला. त्या पोंचण्याला काय पडलें, तें मात्र आपल्याला आपल्या वेळेनें मोजूनच कळतें. “आईनें दिवा लावला” हें वाक्यही तीन शब्दांचेंच आहे. खरें आहे, आणि त्यांत कांहींच नाहीं.

म्हणून मी कात्रीशीं वैर धरणार नाहीं. प्रत्येक जिना पायरीपायरीनें दाखवणारा दिग्दर्शक हा सूर्यास्त लांबवणाऱ्या कादंबरीकाराचा भाऊच होय. परंतु कांहीं वेळां दुसऱ्याच्या कष्टांत आपल्याला कांहींही करतां येत नाहीं. अशा वेळीं करण्याजोगी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे न उठतां पाहत राहणें. अखंड दृश्य आपल्याकडून तेवढी सोबत मागतें.

आईला जाऊन आतां कित्येक वर्षें झालीं. स्मृति ही सर्वांत निष्ठुर कात्री आहे. आजारपणाच्या त्या महिन्यांचे तिनें तुकडे तुकडे करून टाकले आहेत. औषधांच्या बाटल्या आठवतात, एखादा शब्द आठवतो. तीं बारा पावलें मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत जशींच्या तशीं शिल्लक आहेत. माझी खोड अजून गेलेली नाहीं. सूर्यास्ताचें पान मी आजही उलटतों. पण तिन्हीसांजेला घरांत कुणी दिवा लावायला उठलें, कीं निरांजन लागेपर्यंत मी जागचा हलत नाहीं.