ॲमेझॉनच्या काठची माती

उपासाला आपण खातो तो साबुदाणा ज्या कंदापासून होतो, त्या कसाव्याचे माहेर दक्षिण अमेरिका. चला, आज त्याच मुलखातल्या ॲमेझॉन नदीच्या काठी जाऊन येऊ.

पेरू देशात अँडीज पर्वतात ही नदी उगम पावते आणि सुमारे ६,४०० किलोमीटर वाहत जाऊन ब्राझीलमध्ये अटलांटिक महासागराला मिळते. जगातल्या साऱ्या नद्या मिळून समुद्रात जेवढे पाणी ओततात, त्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा हिचा एकटीचा!

मानाउस शहराजवळ तिला निग्रो नदी मिळते. निग्रोचे पाणी कोऱ्या चहासारखे काळसर, तर थोरलीचे गढूळ, पिवळट. दोन्ही पाणी कित्येक किलोमीटर शेजारी शेजारी चालते, पण एक होत नाही. निग्रोत गाळ फार थोडा. थोरली मात्र अँडीजवरून गाळ घेऊन येते. दरसाल पाणी दहा मीटरच्या आसपास चढते, म्हणून काठची घरे उंच खांबांवर. पूर ओसरला की ताज्या गाळावर मका, चवळी, कसावा लावायचा आणि पुढच्या पुराआधी काढायचा. अलीकडे मात्र हा हिशेब चुकतो आहे. मानाउसच्या बंदरात २०२१ साली पाणी ३० मीटरवर गेले आणि २०२४ साली १३ मीटरच्याही खाली आले. शंभराहून अधिक वर्षांच्या नोंदींतले हे दोन्ही टोकांचे विक्रम!

आता पुरापासून दूर, उंचावरच्या रानात या. आभाळाला टेकलेली झाडे पाहून तुम्ही म्हणाल, इथे वाटेल ते पिकेल. माणूस फसतो तो इथेच. वर्षानुवर्षांच्या पावसाने बहुतेक मातीचा कस धुऊन नेला आहे. पडलेले पान झटपट कुजते आणि मुळे ते अन्न वरच्यावर उचलतात. कस झाडांत आहे, मातीत नाही. रान तोडून जाळले, की राखेवर दोन-तीन वर्षे पीक येते. मग उतारा घटत जातो.

पण त्याच रानात अधूनमधून काळ्याभोर, सुपीक मातीचे पट्टे सापडतात. ते घडवले तिथल्या मूळ रहिवाशांनी, युरोपातले लोक यायच्या कित्येक शतके आधी. चुलीतला कोळसा, राख, माशांची हाडे, खरकटे, फुटकी मडकी एका जागी पडत गेली आणि कोळशाने कस धरून ठेवला. आजही तिथले शेतकरी अशी जमीन हेरून कसतात.

ज्या घरामागे उकिरडा आहे, त्या घराला याहून वेगळे काय सांगावे?