सारखा हिस्सा

कोपरखैरण्यातल्या माथाडींच्या वस्तीत आम्ही भावंडं वाढलो. आबा मूळचे पाटण तालुक्यातले. मुंबईत आले ते मशीद बंदरला, गावकीच्या गाळ्यात. पुढे दाणाबंदरचा बाजार खाडी ओलांडून तुर्भ्याला आला आणि हमालांच्या टोळीबरोबर तेही इकडे आले.

आबा मुकादम होते. हिशोब माथाडी मंडळात जायच्या आधी आमच्याकडे वही उघडायची. किती गोणी उतरल्या, कोण हजर होतं, सगळं त्यात असायचं. मजुरीचे हिस्से सारखे. टोळीत एक वयस्क काका होते. मणक्याच्या दुखण्यामुळे ते ओझं उचलत नसत. दाभण-सुतळी घेऊन फाटक्या गोण्या शिवायचे, सांडलेलं धान्य गोळा करायचे. एका रात्री टोळीतला एक तरणा पोरगा ताडकन बोलला, "मी दिवसभर पाठ मोडून घ्यायची आन् ह्यांनी नुसतं शिवायचं. हिस्सा सारखाच कसा?"

काका खाली बघत बसले. आईने चहाचे कप तसेच हातात धरले होते. आबा म्हणाले, "तुझा बा काविळीनं पडला तवा त्याच्या वाटंचं ओझं ह्यांनी वाहिलंय. ते वहीत लिवल्यालं न्हाई."

पोरगा काही बोलला नाही. त्याचंही खोटं नव्हतं. घरी लग्नाच्या बहिणी होत्या, पैसा लागतच होता. पण वहीतला हिस्सा बदलला नाही, आणि पोरगाही टोळीत राहिला.

मी आता बारा मजली इमारतीत राहते. सोसायटीच्या सभेत तळमजल्यावरचे म्हणतात, आम्ही लिफ्ट वापरत नाही, खर्च का द्यावा? वरचे म्हणतात, बागेशी आमचा काय संबंध? शिकलेली, सज्जन माणसं आहेत सगळी. अडीअडचणीला धावतातही. तरी आपलं किती आणि त्यांचं किती हे मोजायची सवय अंगात इतकी मुरली आहे की घरातही ती येते. आईच्या औषधांवरून आम्हा भावंडांत एकदा असाच वाद झाला, तेव्हा मला ती वही आठवली.

मागच्या पावसाळ्यात धाकटा भाऊ तापाने आठवडाभर पडून होता. तो घरोघरी पार्सलं पोचवतो. आबांनी विचारलं, "तुझं काम कोण करतंय?" तो म्हणाला, "कुणी नाही. ज्याच्या त्याच्या मोबाइलवर ज्याचं त्याचं काम येतं. मी पडलो तर माझे पैसे बुडाले."

"मंडळ? मालकाकडून लेव्ही?"

"तसलं काही नसतं, आबा."

आबा संतापले. माथाडी नेते अण्णासाहेब पाटलांच्या मागे चालून हमालांनी १९६९चा माथाडी कायदा मिळवला, तो आबांच्याच पिढीच्या डोळ्यांदेखत. त्याआधी हमालांनाही ना फंड होता, ना भरपगारी रजा. आज इथे, ज्यांना कुणी मालकच नाही अशी, पाठीवर पिशवी घेतलेली पोरं सिग्नलला उभी दिसतात. त्यांच्यासाठीही मंडळ हवं, आणि ते होऊ शकतं, असं मला ठामपणे वाटतं.

आबांनी त्या रविवारी भावाच्या बरोबरीच्या पोरांना घरी चहाला बोलावलं. तिघं आली. आबांनी नवी वही काढली आणि पहिल्यांदा विचारलं, कुणाच्या घरी कोण आजारी आहे.