हातगुण

एखाद्या डॉक्टरच्या हाताला गुण आहे, असे आपण सहज म्हणतो. त्याच्या पदवीला गुण आहे, असे मात्र कुणी म्हणत नाही. गुण येतो तो हाताला. मग तो हात नेमका कुणाचा, हा प्रश्न मला पडायला बरीच वर्षे जावी लागली.

माझे बालपण डोंबिवली पूर्वेतले. चाळीपासून पाच मिनिटांवर आमच्या फॅमिली डॉक्टरांचा दवाखाना होता. आत डॉक्टर तपासत आणि बाहेरच्या लाकडी खिडकीआड कंपाउंडरकाका खलबत्त्यात गोळ्या कुटून पुड्या बांधत. लाल औषधासाठी बाटली घरूनच न्यावी लागे. काका तिच्यावर कातरलेली कागदी पट्टी चिकटवत; एक खाच म्हणजे एक डोस. संध्याकाळी गर्दी वाढली की इंजेक्शनही तेच देत. आई तर म्हणे, ‘डॉक्टरांपेक्षा काकांचाच हात हलका.’ यात काही वावगे आहे, असे त्या दवाखान्यात कुणालाच वाटत नसे.

‘कंपाउंडर’ म्हणजे औषधांचे मिश्रण करणारा. १९४८ च्या फार्मसी कायद्याचे ४२ वे कलम नेमके हेच काम नोंदणीकृत औषधनिर्मात्याकडे सोपवते. डॉक्टरने स्वतःच्या रुग्णांना औषध देण्याची सवलत त्यात आहे. पण शब्दशः पाहिले तर ती डॉक्टरला आहे, त्याच्या हाताखालच्या माणसाला नव्हे. म्हणजे आमचे काका कायद्याच्या दोन ओळींमधल्या कोऱ्या जागेत उभे राहून आयुष्यभर पुड्या बांधत होते.

हे सारे मी वाचले ते २०१८ च्या पावसाळ्यानंतर. वडिलांना न्यूमोनिया झाला आणि कल्याणमधल्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये त्यांना दाखल केले. दुसऱ्या रात्री दोनच्या सुमारास पांढऱ्या गणवेशातली एक मुलगी इंजेक्शन घेऊन आली आणि मला पाहून थबकली. ‘मॅडम, तुम्ही?’ दोन वर्षांपूर्वी ती माझ्या वर्गात होती. एस. वाय. बी. ए. अर्धवट सोडून गेलेली, निबंध मात्र मन लावून लिहिणारी. सहा महिन्यांचा कसलासा कोर्स करून इथे लागल्याचे तिने सांगितले. डॉक्टर घरी होते. सूचना फोनवर आली होती.

ते औषध सलाइनमधून सावकाश द्यायचे होते; तिने ते एकदम दिले. काही क्षणांत वडिलांचा चेहरा लालबुंद झाला, अंग थरथरू लागले, श्वास लागला. डॉक्टर धावत आले, उपचार झाले, पहाटेपर्यंत धोका टळला. ती मुलगी त्यांचा हात धरून सकाळपर्यंत कॉटशेजारी उभी होती. जाताना एवढेच म्हणाली, ‘मॅडम, मला सावकाश म्हणून कुणी सांगितलंच नाही.’

सकाळी मी डॉक्टरांना जाब विचारला. ते शांतपणे म्हणाले, ‘नोंदणी झालेल्या नर्सेस आम्हाला मिळत नाहीत, मिळाल्या तर परवडत नाहीत.’ घरी येऊन मी महापालिकेच्या आरोग्य विभागाला तक्रार लिहिली. ती आजही माझ्या खणात आहे. तक्रार गेली तर पहिली नोकरी त्या मुलीची जाईल, असे मी स्वतःला सांगितले.

कायदा मात्र असे म्हणत नाही. भारतीय वैद्यक परिषदेची २००२ ची आचारसंहिता सांगते की नर्सिंग होम चालवणाऱ्या डॉक्टरने मदतनीस नेमले, तरी अंतिम जबाबदारी त्याचीच. सहायकांना शिकवायला तिची हरकत नाही. अट आहे ती डॉक्टरच्या वैयक्तिक देखरेखीची. फोनवरच्या आवाजाला देखरेख कसे म्हणावे? २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याने नोंदणीविना वैद्यकी करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली आहे. आणि १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्प्रिंग मेडोज हॉस्पिटलच्या खटल्यात जो निकाल कायम केला, तो वाचताना मला त्या रात्रीचीच हकीकत वाचत असल्यासारखे वाटले. नोएडातले टायफॉइडचे एक लहान मूल. इंजेक्शन डॉक्टरने स्वतः द्यावे, अशी वरिष्ठांची सूचना. निवासी डॉक्टरने ते नर्सकडे सोपवले, आणि तिच्याजवळ ती पात्रता नव्हती. मुलाच्या मेंदूला कायमची इजा झाली. भरपाई मुलासाठी साडेबारा लाख आणि आईवडिलांसाठी पाच लाख. चूक फक्त सुई टोचणाऱ्या हाताची नाही, ती सोपवणाऱ्याचीही आहे आणि त्या हाताला नेमणाऱ्या संस्थेचीही, हे तिथे स्पष्ट झाले.

हे वाचून मी अस्वस्थ झाले, त्याला आणखी एक कारण आहे. तासिका तत्त्वावर शिकवत होते त्या काळात एका ज्येष्ठ प्राध्यापकांच्या वाट्याच्या उत्तरपत्रिका मी तपासल्या आहेत. गुण मी दिले, सही त्यांनी केली. परीक्षक म्हणून माझी नेमणूक नव्हती. नकार देण्याची सोय नव्हती, आणि खरे सांगायचे तर विश्वास टाकला म्हणून थोडा अभिमानही वाटला होता. दमून तपासलेल्या शेवटच्या गठ्ठ्यात कुणावर अन्याय झाला असेल, तर तो विद्यार्थी मला कधीच भेटणार नाही. आमच्या धंद्यात चुकीच्या हाताने कुणाचा श्वास लागत नाही, एवढाच काय तो फरक.

म्हणूनच त्या मुलीकडे बोट दाखवायला माझा हात उचलला नाही. पण आता वाटते, मी गप्प राहिले त्याने ती वाचली नाही. वाचले ते डॉक्टर. ती उद्या पुन्हा रात्री दोन वाजता कुणाच्या तरी उशाशी एकटी उभी राहणार होती, ‘सावकाश’ हा शब्द कुणी न सांगता. तक्रार तिच्यासाठीही करायला हवी होती.

काही महिन्यांनी मी तिथे चौकशी केली, तेव्हा ती नोकरी सोडून गेली होती. पत्ता कुणाला ठाऊक नव्हता. वडील अजून अधूनमधून तिची आठवण काढतात. त्या इंजेक्शनविषयी ते काही बोलत नाहीत. म्हणतात, ‘ती पोरगी कुठे असते गं आता? हात फार हलका होता तिचा.’